दुसरी राखी

आई,

सगळ्यांच्या आधी तुला सांगते, मला एक मुलगा आवडतो! ओरडू नकोस. तू गेलीस तेव्हा मी दुसरीत होते, आता अकरावीत आहे. आम्ही अजून आमलीतच राहतो, पप्पांची खडोलीच्या धागा कंपनीतली ड्यूटीही तीच. फक्त दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुसरं लग्न केलं. ती गुजराती आहे, मी तिला काकू म्हणते. तिचा पहिल्या लग्नाचा मुलगा बारावीत आहे, म्हणजे मला आयताच मोठा भाऊ मिळाला. आणि हा जो आहे ना, तो त्याचा जिगरी दोस्त. झाली की नाही पंचाईत!

अगं, तो काही हिरोबिरो नाही. कान मोठे आहेत. पण किलवणी नाक्यावर मी रिक्षासाठी उभी राहिले की याला नेमकं तिकडेच काम निघतं, घर उलट्या बाजूला असून. परवा म्हणाला, "तू हसलीस ना, की मी काय बोलत होतो तेच विसरतो." मी तिथे ढिम्म उभी. घरी येऊन आरशासमोर नाचले!

आता राखीपौर्णिमेचं ऐक. भावाचं आणि माझं दोन वर्षं रिमोटवरून वाजत होतं, पण यंदा मीच म्हटलं, राखी बांधते. काकूचे डोळेच भरले. भाऊ पाटावर बसलाय, मी ताट घेऊन उभी आहे, आणि दारात कोण? हा! पप्पांना नको तेव्हा उत्साह. "ये ये! याची बहीण राहिली जळगावला, पोराचा हात रिकामा कशाला? पोरी, यालाही बांध. राख्यांची जोडीच आणलीय काकूने, मी बघितलीय."

आई गं! नाही म्हणावं तर पप्पा कारण विचारणार, आणि एकदा बांधली की हा जन्माचा दादा. त्याचं तोंड तर काढा प्यायल्यासारखं झालेलं. मी रडवेली होऊन काकूकडे बघितलं. तिने मला बघितलं, त्याला बघितलं, आणि ताटातली दुसरी राखी तिच्या पदराखाली गडप! "राखडी तो एकज छे," ती पप्पांना म्हणाली, "तुमचा चष्मा बदला आता."

मी भावाला राखी बांधली, पेढा भरवला, त्याने माझी वेणी ओढली. शेजारी उभ्या असलेल्या त्याने असा काही श्वास सोडला की निरांजन विझता विझता राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती राखी पप्पांच्या बाइकच्या हँडलला! "ही कुठून आली?" पप्पा विचारतायत आणि काकू आपली भांडी घासतेय. ते गेल्यावर मला म्हणाली, "आधी बारावी पास कर. पछी जोईशुं, मग बघू." मी तिला मागून घट्ट मिठी मारली, साबणासकट.

हे पत्र कुठे पाठवणार? तुझ्या फोटोमागे ठेवते. आणि एक, ते वर लिहिलंय ना, सगळ्यांच्या आधी तुला, ते खोटं आहे. त्याच दिवशी ओट्यापाशी मी काकूला सगळं सांगून टाकलं, मोठ्या कानांसकट. रागावू नकोस गं. तू असतीस तर तुलाच आधी सांगितलं असतं.