फकीराचं दफन

जळगाव, ७ ऑगस्ट १९२३

आपल्याकडे दूध घालणाऱ्या सोनाबाईचा मुलगा फकीरा काल पटकीने इस्पितळात वारला. ती असोद्याहून पोहोचेपर्यंत त्याला कबरस्तानात पुरूनही झालं होतं. जाब विचारायला गेले, तर इस्पितळातला कारकून मलाच विचारतो, "फकीरा म्हणजे मुसलमानच ना, बाई?" गाढव. आधीची मुलं जगेनात म्हणून पिराला नवस बोलून ठेवलेलं नाव ते. असे फकीरा इथे गावोगाव पाटलांच्या घरांत आहेत. शाळेतून निवृत्त झाले, पण जीभ नाही झाली. कॉन्व्हेंटमधलं सगळं इंग्रजी त्याच्यावर ओतलं. उपयोग काय? उकरायची परवानगी कोण देणार? म्हणे मुसलमानच ना!

सोनाबाईने एवढंच विचारलं, "तठी मले त्याच्याजवळ बसू देतीन का, अक्का?"

"देतील," म्हटलं मी. कोणत्या अधिकाराने म्हटलं, कोण जाणे.