आखूड काडतुसाची बाजू

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा एका हाताचा नमस्कार. दुसरा गळ्यात अडकवलाय, म्हणून मी सांगतोय आणि तुमची भाचेसून लिहितेय. (ती मधूनच हसते, तिकडे लक्ष देऊ नका.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून जिना चढू देत नाहीत ना?

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, आखूड जाड काडतूस म्हणजे नुसतं फॅड, आणि मला त्याचंच वेड लागलं असेल तर तुमची लांब काडतुसाची जुनी रायफल परत पाठवावी. मामा, बंदुका दुरुस्त करून मी पोट भरतो. आखूड काडतुसात दारू एकसारखी जळते, काडतूस आत ढकलणारा बोल्ट कमी ओढावा लागतो, रायफल हलकी होते, आणि गोळीचा वेग तुमच्या लांब काडतुसाइतकाच. यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

रविवारच्या क्लबच्या स्पर्धेवरून कोणी तुमचे कान भरण्याआधी मीच सांगतो. एका मिनिटात पाच गोळ्या मारायच्या होत्या. जाडीमुळे माझ्या मॅगझिनमध्ये तीनच काडतुसं मावतात. (तुमच्यात पाच मावतात, ठाऊक आहे.) पहिली गोळी मधोमध लागली. रायफल हलकी, त्यामुळे धक्का तिने जरा सढळ हाताने दिला. रायफलवरची दुर्बीण भुवईवर आपटली आणि खांद्यातून कळ गेली. दुसरं काडतूस निमुळतं नसल्यामुळे नळीच्या मागच्या तोंडाशी हटून बसलं. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा मी पेचकस शोधत होतो. हा दोष काडतुसाचा नाही, मॅगझिनचा आहे, आणि तो मी घासून काढणार. लांब, जड गोळी आखूड काडतुसात खोल शिरून दारूची जागा खाते, असंही तुम्ही म्हणाल. मग मी जड गोळी वापरणारच नाही, झालं?

तेव्हा तुमची रायफल खुशाल घेऊन जा. माझं तिच्यावाचून काही अडलेलं नाही.

तुमचा, न वाकलेला,
भाचा

ता. क. न्यायला घाई मात्र नको. गुडघा पुरता बरा होऊ द्या. वर्ष लागलं तरी चालेल.

आणखी एक ता. क. (हे पट्टी बदलायला गेलेत, म्हणून माझं मी लिहितेय.) मामा, रायफल परत मिळणार नाही. स्पर्धेत यांच्यानंतर माझी पाळी होती. तुमच्या रायफलने पाचही गोळ्या मधोमध लागल्या आणि मी पहिली आले. यांनी ते सांगायचं टाळलं. परवाना माझ्या नावावर करायचा अर्ज सोबत आहे, पेन्सिलीची खूण केलीय तिथे सही करा. आणि यांना पत्रातून आखूड काडतुसाबद्दल काही बोलू नका. त्यावरचा यांचा विश्वास उडाला, तर हे माझी रायफल मागतील.