दुधावर संशय नको

३ मार्च, सकाळी ६.१५
पोटात पुन्हा गुडगुड. इतकी मोठ्याने, की बायकोने विचारलं, नळ चालू राहिलाय का. मी हसलो. आतून टरकलो. वडील पोटाच्याच दुखण्याने गेले, बावन्नाव्या वर्षी. मला जूनमध्ये बावन्न. संकल्प: बाहेरचं खाणं बंद.

५ मार्च
डेअरीत आज अकरा टँकर. प्रत्येकातला एक पेला चाखून पास-नापास ठरवायचं, हे माझं काम. लॅबमधली नवी पोरगी घोट घेते आणि बेसिनमध्ये थुंकते. नियमच तसा आहे म्हणे. मी बावीस वर्षं गिळतोय. गिळल्याशिवाय दूध काय कळणार, कपाळ! दुपारी तीनदा धावलो. कालच्या वांग्यांवर संशय आहे.

९ मार्च
वांगी, डाळ, कोबी, चहा, सगळं सोडलं. पोटाला आराम म्हणून नुसतं दूध. बायको म्हणाली, अहो, दूधच सोडून बघा की. आता हिला काय सांगायचं? ज्याच्या जिवावर घर उभं राहिलं, ते माझ्या जिवावर उठेल?

१० मार्च, दुपारी
सातवा टँकर अर्धवट टाकून पळालो. आत बसून देवाला म्हटलं, मुलीचं कॉलेज होऊ दे, मग ने. इथे लिहायला हरकत नाही: फार भीती वाटते.

१३ मार्च
वजन दोन किलो कमी. म्हणजे झालंच. विम्याचे कागद कुठे असतात ते बायकोला सहज म्हणून दाखवलं. तिने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गेलो, तिच्या समाधानासाठी.

१७ मार्च
रक्त घेतलं. गोड पाणी पाजलं आणि तीन तास थोड्या थोड्या वेळाने नळीत फुंकायला लावलं. तिसऱ्या फुंकेला नर्सने मशीनकडे बघून मान हलवली. बिचारी. मला सांगायचा धीर झाला नसेल.

१९ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. दुधातली साखर पचत नाही, वय वाढलं की पुष्कळांचं होतं. थोडं दही चालेल, दूध बंद. बायको तिथेच सुटकेने रडली. मी हसून घेतलं. जिना उतरताना मात्र नोकरी आठवली. दुधाला घाबरणारा माणूस डेअरीत काय करणार? टँकर धुणार?

२१ मार्च
दोन दिवस रजा. दूध नाही. पोट एकदम शांत. योगायोग. रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली ठेवला. गुपचूप दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांच्याकडे म्हणे फक्त गंभीर आजाराचेच पेशंट जातात. आशा सोडायची नाही.