नायिका अजून जिन्यातच

१ फेब्रुवारी. सकाळी ६.
आजपासून लेखक. ऑफिसातून महिन्याची रजा घेतली. साहेबांनी कारण विचारलं. कादंबरी, म्हणालो. त्यांनी अर्जावर 'घरगुती अडचण' असं लिहून घेतलं. काही माणसांना कल्पनाशक्तीच नसते. पंपांच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहून लिहून माझ्या भाषेला जी धार आली आहे, ती वाया घालवणं म्हणजे गुन्हा. रोज दहा पानं. महिनाअखेर तीनशे.

त्याच दिवशी, ११ वाजता.
फेब्रुवारीला तीस दिवस नसतात. हरकत नाही, दोन दिवस वीस-वीस पानं. टेबल खिडकीपाशी हलवलं. खिडकीतून समोरचा न्हावी दिसतो. गिऱ्हाईक आलं की लक्ष जातं. टेबल भिंतीकडे वळवलं. भिंतीत काहीच दिसत नाही, आणि लेखकाला जीवन दिसायला हवं. टेबल परत खिडकीपाशी. कंबर धरली. आजची पानं उद्या.

३ फेब्रुवारी.
पहिलं वाक्य झालं! 'ती जिन्याच्या सातव्या पायरीवर थबकली.' अंगावर काटा आला. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, का? मी म्हणालो, का म्हणजे? ती म्हणाली, का थबकली? ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये असते. तिला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लागतो.

५ फेब्रुवारी.
ती का थबकली याचा दिवसभर विचार. दुपारी डुलकी लागली. विचार खोल गेला की डोळे आपोआप मिटतात.

७ फेब्रुवारी.
आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला घाबरते आणि घाबरत नाही असं दाखवते. 'आता बघायचं काय राहिलंय माझं?' हे तिचं ठरलेलं वाक्य. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर केलात तर अवघड होईल. आई घरी येऊन पुन्हा तेच बोलायला लागली. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, 'मग ह्याची कादंबरी कोण वाचणार, आई?'
आईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाली, 'झाली का रे लिहून?'
'जवळजवळ,' मी म्हणालो.
'मग सांग त्यांना, तारीख काढा म्हणावं.'
चोवीस तारीख मिळाली. बायको बराच वेळ माझ्याकडे बघत होती. अभिमान वाटत असावा.

१० फेब्रुवारी.
लेखनाने जबरदस्त वेग घेतला आहे. अर्पणपत्रिका झाली: 'आईस, जिने मला पहिलं अक्षर दाखवलं.' वाचताना मलाच भरून आलं. पाठोपाठ ऋणनिर्देश, एका बैठकीत पाच पानं. साहेबांचं नाव घातलं, मग काढलं. न्हाव्याचं घातलं.

१२ फेब्रुवारी.
आईने अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं आहे. वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड हेडमास्तरीणबाईंनी मला गेटवर गाठलं. पानं किती झाली? मी म्हणालो, बाई, कादंबरी पानांत मोजत नाहीत. त्या म्हणाल्या, मग कशात मोजतात? मी फोन आल्यासारखं केलं.

१५ फेब्रुवारी.
दाढी वाढवतो आहे. न्हावी दुकानातून हातवारे करून विचारतो, काय झालं? त्याला मी खिडकीतून गूढ हसतो.
सकाळी बाथरूममध्ये आरशासमोर मुलाखतीची तालीम केली. आपण लिहिता कसे? 'मी लिहीत नाही. माझ्याकडून लिहिलं जातं.' हे वाक्य आवाज बदलून बदलून म्हणत होतो. बायकोने दार ठोठावलं. म्हणाली, लिहिलं जात असेल तर तू बाहेर ये, मला आंघोळ करून कामावर जायचंय.

१८ फेब्रुवारी.
बायकोने पानं बघायला मागितली. आनंदाने दिली. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, लेखकाचं मनोगत, लेखकाचा परिचय (तृतीयपुरुषी, संयमित). शेवटी कादंबरी, अडीच पानं. नायिका अजून जिन्यातच.
तिने सगळं नीट वाचलं. मग म्हणाली, 'तिला निदान बसायला तरी सांग. पाय दुखले असतील.'
मी हसलो नाही. मग तिने आवाज खाली आणला. 'आईंना काय सांगणार आहेस? त्या फक्त तुझ्या कादंबरीसाठी तयार झाल्यात. आता त्यांना कळलं तर त्या दवाखान्याची पायरीसुद्धा चढणार नाहीत.'
मी तिला समजावलं की अजून बरेच दिवस आहेत. रोज पन्नास पानं काढली की झालं. ती उठून कुकर लावायला गेली. गणित पटलं असावं.

२१ फेब्रुवारी.
नायिकेला हलवायचंच, असं ठरवून बसलो. खाली उतरली तर जाणार कुठे? वर गेली तर दार कोण उघडणार? दोन्ही बाजूंनी विचार करून तिला एक पायरी मागे घेतलं. आता सहावी. कथानकाला गती आली.

२४ फेब्रुवारी. दवाखान्यात, बाकावर.
आईला आत्ताच आत नेलं. आज उजवा डोळा.
तासभर माझा हात घट्ट धरून बसली होती. मधेच म्हणाली, 'घरी जाऊ या का?' बायकोने मला कोपर मारलं. मी म्हणालो, असं काय गं, पाच मिनिटांचं काम आहे. आई म्हणाली, 'मग तोवर तुझी गोष्ट सांग. कोण आहे त्यात?'
एक मुलगी आहे, म्हणालो. जिना उतरते.
'मग?'
आता दवाखान्यात आईला कुठे सांगत बसू की ती थबकते? बोलत सुटलो. ती उतरते, रस्त्यावर येते, चपलेचा अंगठा तुटतो. चांभाराकडे बसते. तो चप्पल हातात घेतो आणि म्हणतो, हा टाका माझा आहे, तू अमक्याची मुलगी ना? आणि बाप तर तिला सांगून गेलेला की या गावात मला कुणी ओळखत नाही. 'अगं बाई!' आई म्हणाली. हात सैल झाला. शेजारच्या बाकावरची माणसं सरकून जवळ आली. चांभार तोंड उघडणार, तेवढ्यात नर्सने आईचं नाव पुकारलं. आई उठून चालायला लागली. दारातून वळून म्हणाली, 'पुढचं मी वाचीनच.'
बायकोने माझा दंड दाबला. म्हणाली, हे लिही, आत्ता. मी तिला म्हणालो, अगं, हे आपलं बोलणं झालं. साहित्य वेगळं असतं.

त्याच दिवशी, दुपारी.
ऑपरेशन छान झालं. डॉक्टरीणबाईंना आईने टेबलावर पडल्या पडल्या माझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याही कादंबऱ्या लिहितात, तिसरी नुकतीच आली. इतकं भरमसाट लिहिणाऱ्यांविषयी मला शंका असते.

२५ फेब्रुवारी.
पट्टी काढली. आईने आधी माझ्याकडेच पाहिलं. खूप वेळ. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, 'असा कधी झालास रे?' दाढीने चेहऱ्याला चिंतनशील छटा आली आहे, तिला सवय नाही.
आठवडाभर वाचायचं नाही, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. देव आहे.

५ मार्च. संध्याकाळ.
ऑफिस सुरू झालं. पंपांच्या तक्रारी साचल्या आहेत. दाढी काढली.
घरी आलो तर आई वाचायचा तात्पुरता चष्मा लावून बसलेली. पानं मागितली. बायकोने आणून दिली, माझ्याकडे न बघता. हेडमास्तरीणबाईही येऊन बसल्या होत्या. आईने ओठ हलवत एकेक ओळ वाचली. अर्पणपत्रिकेपाशी डोळे टिपले. मी खाली मान घातली. ती म्हणाली, ड्रॉप घातलेत मघाशी.
अडीचावं पान संपल्यावर तिने ते उलटून मागे पाहिलं. 'छान आहे,' म्हणाली. 'पण चांभार कुठाय?'
तो भाग घेतला नाही, म्हणालो. कच्चा होता.
'बरं, पण तो मग काय म्हणाला?'
मी खूप आठवून पाहिलं. आठवेना. बायकोकडे पाहिलं, तर तीही वाट बघत होती.
आईने पानं व्यवस्थित जुळवून माझ्या हातात दिली. मग औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाची घडी उलगडली आणि ती मोठ्याने वाचायला लागली. इतक्या दिवसांनी वाचायला मिळालेलं, आवाज नुसता खणखणीत. थंड जागी ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे. क्वचित डोळ्यांची आग होते. क्वचित डोकं दुखतं. बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. बायको गॅस बंद करून दारात आली.
'अत्यंत क्वचित प्रसंगी...' आई म्हणाली, आणि कागद उलटा झाला म्हणून सरळ करायला थांबली.
'काय होतं?' मी विचारलं.