आयोडीन दुप्पट केलं तरी

३ मार्च, सकाळी
आजपासून साडूबद्दल वाईट विचार करायचा नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा तो, आमच्याच लॅबमध्ये, माझ्याच शिफारशीने लागलेला. मोठेपणा माझ्याकडे आहे.

३ मार्च, संध्याकाळी
निश्चय मोडला. कारण सबळ आहे. सेमिनारमध्ये मी माझी मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते ते, मांडली: आयोडीन थेट अ‍ॅसिटोनवर धडकतं, एका फटक्यात काम तमाम. देखणी, सुटसुटीत. साडू नम्रपणे उठला (हा नम्रपणाच मला खपत नाही). म्हणाला, अ‍ॅसिटोन आधी अ‍ॅसिडच्या मदतीने सावकाश रूप बदलतं, मग आयोडीन त्याला लगेच उचलतं. तेव्हा आयोडीन कितीही घाला, वेग तोच राहायला हवा. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, प्रयोग करा; जी टिकेल तिचा मालक परिषदेत बोलेल.

४ मार्च
सगळी रीडिंग मीच घेणार. साडूच्या हातात दिलं तर तो स्वतःला हवं तेच काढेल. निःपक्षपातीपणा हवा.

७ मार्च
आयोडीन दुप्पट केलं. आयोडीनचा रंग उतरायचा वेग तोच. पिपेट खराब.

८ मार्च
नवी पिपेट. वेग तोच. सकाळी साडू खोलीत डोकावून गेला होता. त्याच्या परफ्यूमचा परिणाम नाकारता येत नाही.

११ मार्च
अ‍ॅसिड दुप्पट, वेग दुप्पट. अ‍ॅसिटोन दुप्पट, वेग दुप्पट. आयोडीन तेवढं ढिम्म. सासूबाईंचा फोन आला. धाकट्या जावयाचा खोकला कसा आहे, विचारत होत्या. खोकत मी होतो.

१४ मार्च
सापडलं. आकडे जुळले म्हणून मेकॅनिझम सिद्ध होत नाही. न जुळलेली फक्त बाद होते. म्हणजे साडूची सिद्ध झालेलीच नाही. बायकोला नीट समजावून सांगितलं. तिने विचारलं, मग बाद कोणाची झाली? विषय बदलला.

१७ मार्च
माझ्या मेकॅनिझममध्ये किरकोळ सुधारणा. आयोडीनला जरा उशिरा आणलं. तोवर अ‍ॅसिटोनला अ‍ॅसिडकडून रूप बदलू दिलं, तेही सावकाश. सगळे आकडे चपखल बसले. पूर्णपणे स्वतंत्र शोध. बायको माझी आकृती बघून म्हणाली, हेच चित्र धाकटीच्या फ्रिजवर चिकटवलंय.

१९ मार्च
मॅडम म्हणाल्या, इतकी स्वच्छ रीडिंग त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली नाहीत. मी मान डोलावली. साडूला पाडायचं म्हणून प्रत्येक रीडिंग पुन्हा पुन्हा घेतलं होतं, हे सांगायची गरज वाटली नाही. पुढे म्हणाल्या, परिषदेला साडू जाईल.

२२ मार्च
साडू आणि मेहुणी घरी आले. डोकं दुखत असल्याचं सांगून आत पडून राहिलो, तर साडू आतच आला. खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "दादा, माझ्यासाठी एवढा जीव कोणी आटवला नव्हता. रीडिंग मी स्वतः घेतली असती तर दुसऱ्याच दिवशी थांबलो असतो."
खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. दारात बायको उभी होती. माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तोंड मिटलं.
साडू म्हणाला, एवढ्या लोकांसमोर बोलायची भीती वाटते, तुम्ही पहिल्या रांगेत बसाल का?
हो म्हणालो.
टाळ्या वाजवायच्या की नाही, ते तिथे गेल्यावर बघू.