तू 'जमीन' म्हणालास की

प्रिय बारक्या,

माझा गुडघा कसा आहे हे तुला ठाऊक आहेच. तुझा फोन आला की तुझी वहिनी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते आणि हळू आवाजात सांगते, आज जरा जास्त वाकला. ही बाई आयुष्यात कधी हळू बोललेली नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी पकडली गेली. म्हटलं, चालू दे. पण आता वर्ष होत आलं, तेव्हा बाकीचं गुडघ्याच्या मालकाकडूनच ऐक.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. आतलं लिगामेंट पार तुटलंय, ते शिवून जुळायचं नाही, म्हणून मांडीच्या मागचा एक स्नायुबंध काढून त्या जागी बसवायचा. मी म्हटलं, म्हणजे आमचाच धंदा की, या खोलीतलं सामान त्या खोलीत. डॉक्टर हसले नाहीत. तू असतास तर हसला असतास. मग फिजिओबाईंच्या तावडीत सापडलो. मांडी वाळून काठी झाली होती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने दाबायची, बस, एवढंच काम. पाठीवर फ्रिज घेऊन मजले चढणारा मी, टॉवेल दाबताना घामाघूम झालो! मग टाच ओढत पाय दुमडायचा. मी कळवळलो की बाई शांतपणे म्हणायच्या, अजून थोडा. मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही, पण एकही दिवस चुकवला नाही. कुबड्या सुटल्या, जागच्या जागी फिरणारी सायकल झाली, आणि गेल्या महिन्यात दवाखान्याच्या बोळातून एका पायावर उड्या मारत गेलो. तेव्हा कुठे डॉक्टर हसले आणि वजन उचलायची परवानगी मिळाली.

मोठ्या तोऱ्यात कामावर गेलो. तुझ्या जागी एक नवा गडी घेतलाय. माणूस चांगला, आवाज खणखणीत. आपली रीत त्याला समजावली. जिना उतरताना खालचा उलटा चालतो, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, म्हणून वरच्याने त्याचे डोळे व्हायचं. पायरी आली की 'पायरी' म्हणायचं, सपाटी आली की 'जमीन'. पठ्ठ्याने एकही चूक केली नाही. तरी माझा पाय काही टेकेना. तो 'जमीन' म्हणतोय आणि मी मांजरासारखा बोटांनी चाचपतोय. शेवटी सोफा मध्येच टेकवला आणि जिन्यात बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा काम अर्धवट टाकून घरी आलो. फिजिओबाईंना सांगितलं, तर त्यांनी गुडघा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा पक्का झालाय. राहिलेलं माझ्या हातात नाही."

त्या दिवशी तू एक पायरी आधी 'जमीन' म्हणालास. ती शेवटची पायरी फरशीच्याच रंगाची, वरून कुणालाही फसवेल अशी. माझा पाय पोकळीत गेला, गुडघा आत वळला, कट् झालं. तू तेवढंच धरून बसलास. आता कुठल्या वजनाला हात लावणार नाही असं आईला सांगितलंस आणि परगावच्या गोदामात खुर्चीवर बसायला निघून गेलास. अरे, पण पुढचं कोण आठवणार? मी खाली आडवा पडलेला, आपण उतरवत होतो ते अख्खं कपाट वरून छातीवर येणार, आणि तू त्याला बांधलेला पट्टा सोडला नाहीस. लोक धावत येईपर्यंत एकट्याने तोलून धरलंस. तळहातांची सालटी निघाली तुझ्या. वेड्या, तू सोडलं असतंस तर गुडघा दुरुस्त करायला माणूसच उरला नसता. मला राग आहे, नाही कशाला म्हणू, पण तो तू मला न भेटता गेलास याचा. समोर आलास की तो काढीनच.

आता हे सगळं लिहायचं कारण. त्याच इमारतीतून काम आलंय. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं आरशाचं जाडजूड कपाट उतरवायचंय, त्याच जिन्यावरून. नवा गडी म्हणाला, तुम्ही वर राहा, खाली मी जातो. मी नाही म्हटलं. या कामाला त्याला घेणारच नाहीये. मास्तरांना रविवार दिलाय, तुला तेव्हा सुट्टी असते हे तुझ्या वहिनीकडून काढून घेतलंय. पट्टे धुऊन वाळत घातलेत. आधी तू रिकाम्या हाताने जिना उतर, शेवटची पायरी पायाने चाचपून घे, हवं तर दोनदा. मग वर जा. खाली मीच असणार. तू 'जमीन' म्हणालास की मी पाय ठेवीन.

तुझाच,
दादा