फळ्याची उजवी बाजू

सर, परवा नात कॉलेजातून आली ती तोंड पाडूनच. तिचा मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि मायनर म्हणून गळ्यात पडलं गणित. तिचा बाप वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर, तो म्हणाला, बरं झालं की. ती माझ्याकडे वळून म्हणाली, आजी, तूच सांग याला. मला हसू आलं आणि तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. तरी तुमचा खडूने पांढरा झालेला उजवा हात मला अजून स्पष्ट दिसतो.

आमच्या वेळी मायनर म्हणत नसत, दुय्यम विषय म्हणत. माझा मुख्य विषय मराठी. गणित मी काही हौसेनं घेतलं नव्हतं. दुसरा कुठला दुय्यम विषय घेतला तर त्याचा तास सुटेपर्यंत आमच्या दौलताबादची शेवटची एसटी निघून जायची आणि गणिताचा त्याआधी संपायचा, एवढंच कारण. त्यातून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कॉलेजात घालतानाच बजावलं होतं, "शिक, माझं काय म्हणणं नाय. पर एका बी विषयात नापास झालीस की घरी. मग मी म्हणंन तिथं लगीन." स्थळ तर त्यांनी बघूनही ठेवलं होतं. थोडक्यात, गणित बुडालं की कॉलेज सुटलं.

मराठीचा वर्ग दुसऱ्या इमारतीत. तिथून मी धापा टाकत येईपर्यंत तुमचा फळा भरलेला असायचा. आधी सगळं लिहून काढायचं आणि मग बोलायचं, ही तुमची रीत. तुम्ही समजावून सांगत असता, माझी मान वहीत. डावीकडून उजवीकडे, दिसेल ते उतरवून घ्यायचं. घरी येऊन कंदिलाशी बसावं तर काही म्हणता काही लागेना. जे सिद्ध करायचं ते पानाच्या मध्यावरच सिद्ध होऊन बसलेलं, आणि त्याच्या खाली ‘समजा’ म्हणून नवी सुरुवात. मला वाटायचं, गणित असंच असतं आणि आपल्याला तेवढी अक्कल नाही. वर्गात मी एकटीच मुलगी, मुलांना विचारायची सोय नव्हती. चाचणीत व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर मी तुमच्या टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, सर, मी कॉलेज सोडते.

तुम्ही वही मागितलीत, दोन पानं वाचलीत, मग मागे वळून फळ्याकडे पाहिलंत. मी घाबरून गेले होते. मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, "बेटा, कसूर तुमचा नाय. माझा हात अजून जुन्या शाळेतच हाय."

तेव्हा कुठे मला कळलं. तुम्ही शिकलात उर्दूतून, शिकवलंतही उर्दूतून. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, शिकवायची भाषा बदलली आणि त्या वयात तुम्ही सगळे शब्द नव्याने पाठ केलेत. ओळी डावीकडून लिहायला लागलात. पण फळ्याला हात लावताना तो आपसूक उजवीकडे जायचा. आधी उजवा अर्धा भरायचा, मग डावा. बाकीची मुलं वेळेवर येत, त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. महिनाभर मी तुमची प्रत्येक सिद्धता मधूनच वाचत होते.

मला वाटलं, आता वही परत द्याल आणि जा म्हणाल. तुम्ही समोर बसवलंत. एक नवं प्रमेय सांगितलंत आणि त्याची फक्त शेवटची ओळ कागदाच्या तळाशी लिहिलीत. म्हणालात, "शेवट आधी वाचायची सवय लागलीच हाय, तर तिचा फायदा घेऊ. इथं पोचायचं हाय. ह्याच्या आधी काय हाती पायजे?" मी चाचपडत एक सांगितलं. ते चुकलं. दुसरं बरोबर आलं. मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं, असं करत मी कागदाच्या माथ्यावर पोचले आणि तिथं ‘समजा’ माझं मीच लिहिलं. सर, तेव्हा झाला तसा आनंद मला पुढे फार थोड्या वेळा झाला. एसटी चुकता चुकता राहिली.

दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तो फळ्याच्या मधोमध रेघ. उजवीकडे मराठीत १, डावीकडे २. एका दुय्यमवालीसाठी ते आकडे तुम्ही वर्षभर काढलेत. मुलं हसली, तुम्ही हसू दिलंत. घरी दादांना हे सांगितलं तर ते खो खो हसले. तेही उर्दू शाळेतलेच. म्हणाले, "व्हय, मी बी नवी पाटी दिसली की आधी उजवीकूनच बघतो." पुढच्या सोमवारी त्यांनी तुमच्यासाठी सीताफळांची टोपली पाठवली आणि स्थळाचं नाव काही परत काढलं नाही.

मी पास झाले, जेमतेम का होईना. पुढे जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. एखादी मुलगी निबंधाला अडली की तिला म्हणायची, शेवटी काय म्हणायचंय ते आधी सांग, मग त्याच्या आधी काय पाहिजे ते बघू. मुलींना वाटायचं बाईंची स्वतःची युक्ती. काल नातीलाही तेच सांगितलं. तिने एक गणित तळापासून वर सोडवलं, आणि तिचं तोंड जरा सरळ झालं.

हे पत्र टपालात पडणार नाही, तिच्या गणिताच्या पुस्तकात राहील. एक मात्र सांगून टाकते. कुठून सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून शेवटची ओळ मी सगळ्यात आधी कागदाच्या तळाशी लिहिली आणि तिच्या आधी काय काय पाहिजे ते शोधत बसले. ती ओळ ही.

सर, तुमच्यामुळे मी कॉलेजात राहिले.